चौथी स्प्रिंग

पहिल्याच भेटीत त्याने माझ्या पायावर ट्रक घातला.

घाबरू नका, ट्रक मांजराएवढाच होता. पण चाकं अशी फुगीर आणि अंगात असा माज, की नालीवरून उडी मारून तो थेट आमच्या दुकानाच्या पायरीवर आला, माझ्या अंगठ्यावर चढला, उलटा झाला आणि चारी चाकं गरगर फिरवत पडून राहिला. मागून एक उंच, सावळा मुलगा हातात रिमोट घेऊन धावत आला.

"लागलं काय जी?" त्याने विचारलं. ट्रककडे बघून.

"मले विचारून राहिले का त्याले?" मी म्हटलं.

तेव्हा कुठे त्याने मान वर केली. आणि मग ती खाली करायचं विसरला... मी अंगठा चोळायचं विसरले, ते जाऊ द्या.

"रऊफ स्प्रिंगवाले इथीच हायत ना?" शेवटी त्याने विचारलं.

"अब्बा आराम करून राहिले. काम सांगा."

"काम स्प्रिंगचं हाय. तुमाले नाई समजणार."

हे ऐकून मी जी हसले, ते आठवून आजही तनवीर कान पकडतो.

अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णेच्या पुलापासून चार गल्ल्या आत आमचं दुकान. अब्बा तीस वर्षांपासून स्प्रिंगा वळतात. फवारणीच्या पंपाच्या, शिलाई मशीनच्या, ऑइल इंजिनच्या. त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून तार मी वळते आणि अब्बा नावं ठेवतात. असं आमचं काम वाटून घेतलेलं आहे. घरी आम्ही उर्दू बोलतो, पण गिऱ्हाईक सगळं शेतकरी, म्हणून दुकानाची बोली वऱ्हाडी. ही दोन हजार पंधराची गोष्ट. लागोपाठ पिकांनी दगा दिला की माणूस नवा पंप घेत नाही आणि जुना दुरुस्तही करत नाही, त्यामुळे त्या हिवाळ्यात मी नुसती पायरीवर बसून गल्ली न्याहाळत असे. अशा दिवसांत कोणी पायावर ट्रक घातला तरी बरंच वाटतं.

त्याचं नाव तनवीर. गाव नांदगाव खंडेश्वर, नोकरी अमरावतीला ठिबक सिंचनाच्या दुकानात. मालासाठी दर गुरुवारी अकोल्याला येणं व्हायचं. ट्रक त्याने एका कॉलेजच्या मुलाकडून जुना घेतला होता आणि त्याच्या शॉकअपमधल्या स्प्रिंगा बसून गेल्या होत्या.

"एकदम कडक द्या," तो म्हणाला. "दगडावानी. अन् गाडी उचलून द्या जेवढी उचलता येते तेवढी."

"इतकी उंच कायले पायजे?"

"रुबाब दिसते."

"रुबाब दिसते अन् वळणावर पालथी पडते. आत्ताच पडली नाई का माह्या पायापाशी?"

 मी ट्रक उचलला आणि तराजूत ठेवला. आधी पुढची चाकं पारड्यात, मग मागची. बॅटरी मागे, म्हणून मागचा भार जास्त. हे त्याने कधी तोलूनच पाहिलं नव्हतं! चारी स्प्रिंगा सारख्या हव्यात असं धरून चालला होता.

"मागच्या दोन जरा कडक, पुढच्या दोन नरम," मी सांगितलं. "लय कडक केल्या तं गाडी चेंडूवानी उसळीन. उडी मारली की स्प्रिंगनं दबाव खाल्ला पायजे, परत फेकून नाई दिला पायजे."

"अन् उंची?"

"फरशीपासून गाडीच्या पोटापर्यंत चार बोटं."

त्याने लगेच ट्रकखाली हात घातला. मीही मोजायला घातला. त्याची चार बोटं म्हणजे माझी साडेपाच... दोन्ही हात ट्रकच्या पोटाखाली अडकले आणि वरून ट्रक हळूच खाली बसला.

"चार बोटं म्हणजे कोनाची?" त्याने हळू आवाजात विचारलं.

"ज्याची गाडी त्याची," मी म्हटलं आणि हात काढून घेतला. कान मात्र तापले होते.

त्या दिवशी मी सळईवर तार गुंडाळली, वेढे मोजले, टोकं घासली, तव्यावर मंद शेकल्या आणि चार स्प्रिंगा त्याच्या हातावर ठेवल्या. त्याने ट्रक वीतभर उचलून फरशीवर सोडला. धप्प! ट्रक बसला, पोट टेकलं नाही, उसळलाही नाही. तनवीर इतका खूश झाला की आतून अब्बा उठून आले. अब्बांनी ट्रक दाबला, सोडला, पुन्हा दाबला आणि म्हणाले, "डावी बाजू अजून शेकाची होती." म्हणजे काम उत्तम झालं होतं.

पुढच्या गुरुवारी तो परत आला. काय झालं विचारलं तर चेहरा पाडून म्हणाला, "शॉकअप जाम झाले."

मी उघडून पाहिले. आतलं रबर फुगून टम्म झालेलं.

"तेल कोनतं टाकलं?"

"शिलाई मशीनचं... तेल तेलच असते ना जी?"

"चहात बी तेच टाकता काय?"

मी शिव्या घालत होते आणि तो ऐकत होता, अगदी मन लावून. रबर बदललं, त्याच्यासाठीचं घट्ट तेल कुठून मागवायचं ते त्याने शोधलं. त्याच्या पुढच्या गुरुवारी त्याने मोठी चाकं लावून आणली, गाडी जड झाली, स्प्रिंगा पुन्हा बदलाव्या लागल्या. प्रत्येक वेळी काहीतरी खरंच बिघडलेलं असे, हे मी शपथेवर सांगते. आणि प्रत्येक बुधवारी मी ओढणी धुऊन ठेवत असे, हेही सांगून टाकते.

फेब्रुवारीत एका गुरुवारी दुपारी अवकाळी आला. टपोरे थेंब, मग बोराएवढ्या गारा, पत्र्यावर नुसता तडतडाट. तनवीर नेमका निघायला उठला होता, तो दुकानातच अडकला. मी चहा आणला. गारांच्या आवाजात बोलायचं तर जवळ बसावं लागतं... तसे आम्ही बसलो.

"ही गाडी चालवता कुठी?" मी विचारलं.

"आमच्या वावरात. संत्र्याचा बगीचा होता तिथी."

"होता?"

"पाणीच नाई पुरलं. दोन उन्हाळे टँकरनं जगवली झाडं. मंग तोडली. अब्बानं सोता उभं राहून तोडली." तो कपाकडे बघत बोलत होता. "पण झाडाची आळी तशीच हायत ना. गोल गोल, बांध घातलेली. गाडी त्याच्यावरून अशी उडते, काय सांगू तुमाले! एक आळं सोडून दुसऱ्यात."

"अन् तुमचे अब्बा?"

"तवापासून वावरात पाय नाई ठेवला त्याईनं. दीड वर्ष झालं. रस्ता बी दुसरा धरतात." मग एकदम त्याचे डोळे चमकले. "पण मार्चच्या पहिल्या रविवारी मी तिथी शर्यत ठेवली! अमरावतीचे चार पोरं आपापल्या गाड्या घेऊन येऊन राहिले. अब्बाले म्हतलं, पाहाले या. नाई म्हणत होते... मंग म्हणाले, धुऱ्यावरून पाहीन, आत नाई येणार."

गारा थांबल्या होत्या. आम्हा दोघांच्याही ते लक्षात आलं नव्हतं, किंवा आलं होतं.

"म्हणून गाडी पडली नाई पायजे त्या दिवशी," तो म्हणाला. "बाकी हरली तं हरली. पण अब्बासमोर, त्या वावरात, पडली नाई पायजे."

मी मान हलवली. त्या क्षणी मला कोणी विचारलं असतं ना, तर मी त्याच्या गाडीसाठी सोन्याच्या तारेच्या स्प्रिंगा वळल्या असत्या.

आणि मीच काय केलं ते आता ऐका.

शर्यतीच्या आधीच्या गुरुवारी तो शेवटच्या चार स्प्रिंगा घ्यायला यायचा होता. सकाळी मी तार वळायला बसले. पहिली झाली, दुसरी झाली, तिसरी झाली. तिन्ही अशा सुरेख, की अब्बांना नाव ठेवायला जागा नाही. आणि तिथेच माझा हात थांबला. ह्या बसल्या की गाडी पूर्ण झाली. मग कुठलं तेल, कुठलं रबर, कुठला गुरुवार? चाळीस गल्ल्या सोडून आमच्याच गल्लीत शिरायला त्याला कारण काय उरणार? कारणाशिवाय येणाऱ्यांतला तो नव्हता. त्याने ना कधी काही म्हटलं होतं, ना मी.

चौथ्या स्प्रिंगला मी एक वेढा जास्त दिला.

एकच वेढा. डोळ्याला कळत नाही, पण स्प्रिंग नरम पडते. गाडी मागच्या डाव्या अंगाला थोडी लवते आणि उंच उडीवरून आली की त्याच बाजूला कलंडते. माझा हिशेब साधा होता: तो इथेच फरशीवर गाडी सोडून बघेल, कलंडलेली दिसेल, मी म्हणेन, अय्या, चुकलं की, ठेवून जा, शनिवारी या. एक शनिवार जास्तीचा मिळेल. एवढीच माझी चोरी.

तो आला तो घाईत. बस सुटायची होती. कुठली स्प्रिंग कुठल्या चाकाची ते लिहिलेली पुडी मी त्याच्या हातात ठेवली.

"पाहून घ्या ना," मी म्हटलं. "बसवून पाहा."

"तुमच्या हातचं हाय. पाहाचं काय त्याच्यात?" तो हसला, पुडी शर्टाच्या खिशात ठेवली, वरून एकदा हात फिरवला आणि गेलासुद्धा.

घरी तरी बघेल, मी मनाला समजावलं. शुक्रवार गेला. शनिवारी संध्याकाळी मला राहवेना, अब्बांच्या फोनवरून मी त्याला फोन लावला. पलीकडे फावड्यांचे आवाज, मुलांचा गोंगाट.

"हॅलो! लय मस्त बसल्या स्प्रिंगा!" तो ओरडला. "नुसत्या बसवून ठेवल्या. उद्यापर्यंत चालवतच नाई, नजर लागीन!"

"ऐका ना, ते चौथी..."

"काय? आवाज नाई येऊन राहिला... वावरात रेंज..."

आणि फोन गेला तो गेलाच. रात्री अकरापर्यंत लावला. बाई सांगत राहिली, संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे.

रविवारी पहाटे अब्बा चहात पाव बुडवत होते. मी समोर जाऊन उभी राहिले आणि एका दमात सगळं सांगितलं. अब्बा रागावले की घरीही दुकानाच्या बोलीत बोलतात.

"किती वेढे?" त्यांनी विचारलं.

"साडेसहाच्या जागी साडेसात."

"तौबा! आपल्या दुकानातून खोटी स्प्रिंग गेली?" पाव चहात विरघळला, त्यांचं लक्ष नव्हतं. "चुकून?"

"नाई. समजून."

"काहून?"

मी खाली बघत राहिले. पायाच्या अंगठ्याने फरशी खरवडत राहिले. अब्बांच्या ऑपरेशन झालेल्या डोळ्यांना त्या दिवशी फार स्पष्ट दिसलं असावं.

"ते मंग पाहू," ते म्हणाले आणि टोपी घालून उठले. "आधी स्प्रिंग. घे तार, सळई, पक्कड. नाई, थांब. आत्ताच वळ. मी मोजतो."

मी वळली. साडेसहा वेढे बिनचूक आले. अब्बांनी स्प्रिंग उजेडाकडे धरली आणि आयुष्यात पहिल्यांदा नाव ठेवलं नाही. मला त्यानेच रडू आलं.

सातची एसटी. शर्यत अकराला. मूर्तिजापूरला ड्रायव्हर चहाला उतरला आणि दुसरा चहा मागवू लागला, तेव्हा अब्बा स्वतः खाली उतरून त्याला म्हणाले, "भाऊ, एक पोरीची इज्जत हाय अन् एक दुकानाची. कोनती बी एक धर, पण चल." ड्रायव्हरला काही समजलं नाही, पण त्याने कप ठेवला. बडनेऱ्याला उतरून यवतमाळची गाडी धरली. खिडकीबाहेर तूर कापलेली रानं, कपाशीच्या पऱ्हाट्यांचे ढीग, मध्येच एखादा पिवळा पडलेला बगीचा. मी मुठीत स्प्रिंग धरून बसले होते. तो पुन्हा बोलणारच नाही, ह्याची मी मनाची तयारी करत होते आणि ती काही केल्या होत नव्हती. त्याने माझ्या हातावर डोळे मिटून विश्वास टाकला होता. मी नेमका तोच वापरला होता.

नांदगावहून ऑटो केला. वावर दुरूनच दिसलं, कारण तिथे माणसं होती. निम्मं गाव लोटलं होतं. कापलेल्या बुंध्यांच्या ओळी, प्रत्येकाभोवती गोल आळं, त्यांतून चुन्याच्या रेघा मारून काढलेली वाट. पाच ट्रक एका रेषेत उभे. आणि धुऱ्यावर, वावराच्या कडेच्या बांधावर, उलट्या टाकलेल्या संत्र्याच्या पेटीवर पांढऱ्या दाढीचे एक गृहस्थ बसलेले. पाय आवरून. तेच त्याचे वडील.

कोणीतरी शिटी तोंडाला लावली होती.

"थांबा!" मी ओरडले आणि आळी तुडवत धावले.

तनवीरने वळून पाहिलं. मला पाहून त्याचा चेहरा असा उजळला... आणि मला वाटलं, आता ह्या चेहऱ्याचं मी काय करणार आहे!

"तुमी! इथी? पाहाले आल्या?"

"चौथी स्प्रिंग काढा. मागची डावी."

"काहून? चांगली बसली ना."

"खोटी हाय ते. एक वेढा जास्त हाय. उडीवरून आली की गाडी पडीन."

तो हसला. "तुमच्या हातून चूक? होऊच शकत नाई."

"चूक नाई झाली." माझा आवाज फाटला. "मी मुद्दाम केली."

शिटीवाला शिटी काढून ऐकत होता. अमरावतीची मुलं ऐकत होती. धुऱ्यावरचं गाव तर कानात प्राण आणून ऐकत होतं.

"काहून?" तनवीरने विचारलं, आणि ह्या वेळी तो हसत नव्हता.

"तुमी परत याले पायजे म्हणून! गाडी पुरी झाली असती तं तुमी कायले आले असते आमच्या गल्लीत? मले वाटलं तुमी तिथीच पाहून घेसान... तुमी पाहिलंच नाई..."

 तनवीरच्या हातातला रिमोट खाली आला. त्याने एकदा धुऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"अन् आज अब्बासमोर पडली असती तं?"

"म्हणूनच धावत आली ना!"

"बोलणं मंग करजा," खालून आवाज आला. माझे अब्बा केव्हाच गुडघ्यांवर बसून ट्रक उलटा करून मोकळे झाले होते. "पेचकस कोनाजवळ हाय?"

पाच मिनिटांत स्प्रिंग बदलली. अब्बांनी ट्रक वीतभर उचलून सोडला. धप्प. बसला तो बरोब्बर. शिटी वाजली.

काय ती शर्यत! पहिल्या फेरीत आमचा ट्रक दुसरा. दुसऱ्या फेरीत सगळ्यांत मोठ्या आळ्यावरून उडाला, हवेत सरळ राहिला, चारी चाकांवर उतरला आणि पुढच्याला मागे टाकून निघाला. लोक शिट्ट्या मारायला लागले, अब्बा माझा दंड धरून "स्प्रिंग पाहा, स्प्रिंग पाहा!" करत नाचायला लागले. तिसरी फेरी. पहिला नंबर. फक्त मधलं आळं उरलं होतं...

आणि तनवीरने ट्रककडे बघायचं सोडून माझ्याकडे पाहिलं.

एकच क्षण. ट्रक बुंध्याला धडकला, कोलांटी खाल्ली आणि बगीच्याच्या ऐन मध्यभागी उलटा पडला. बाकीचे चारही ट्रक बाजूने निघून गेले.

 तनवीर दगड झाला होता. जे व्हायला नको होतं तेच झालं होतं, आणि ह्या वेळी स्प्रिंगचा दोष नव्हता.

तेव्हा धुऱ्यावरचे गृहस्थ उठले.

त्यांनी चपला काढल्या. का, ते मला माहीत नाही. अनवाणी पायांनी ते वावरात उतरले आणि सरळ चालत निघाले. वाटेत एका बुंध्याशी थांबले, त्यावर तळहात ठेवला, थोडा वेळ तसेच उभे राहिले. मग पुढे गेले, वाकले, ट्रक उचलला, चाकांमधली माती झटकली आणि तो चारी चाकांवर ठेवला.

"चालव ना बे!" ते तिथूनच ओरडले. "पाहून काय राहिला?"

तनवीरने चालवला. डोळे भरलेले होते, त्याला काय दिसत होतं देव जाणे. पाचात पाचवा आला. पण टाळ्या अशा पडल्या की पहिल्या आलेल्या मुलाने आपणच जिंकलो ना, हे दोनदा विचारून घेतलं. तनवीरचे वडील मात्र धुऱ्यावर परतलेच नाहीत. माझ्या अब्बांना घेऊन ते ओळीओळीने फिरू लागले, इथे कुठलं झाड किती फळ द्यायचं ते सांगत.

तनवीर ट्रक काखेत घेऊन माझ्यासमोर आला.

"तुमी मले फसवलं," तो म्हणाला.

"हो."

"लय राग आला मले."

"येऊ द्या. खरा हाय."

"आला होता," त्याने दुरुस्त केलं. "तिसऱ्या फेरीपर्यंत होता. मंग तुमच्याकडे पाहिलं..." तो ट्रकचं चाक बोटाने उगाच फिरवत राहिला. "निखत, मी बी तुह्यासाठीच येत होतो. बिघाड खरे होते, पण ते दुरुस्त अमरावतीत बी झाले असते."

त्याने पहिल्यांदा मला 'तू' म्हटलं होतं. एवढ्या गर्दीत. मला हसू आवरेना आणि रडूही.

"आता गाडी एकदम बरोबर झाली," तो म्हणाला. "याले काईच कारण नाई उरलं. बिनाकारणाचा आलो तं चालते? शुक्रवारी सुट्टी काढतो."

"शुक्रवारी दुकान बंद असते," मी म्हटलं.

त्याचा चेहरा पडला. "मंग?"

"घर उघडं असते," मी म्हटलं. "तुह्या अम्मीले संगं घेऊन ये."